डाउनहिलचे विश्वविजेते कुठे घडतात?

फ्रान्समध्ये राहते म्हटलं की घरचे लोक हमखास टूर द फ्रान्सबद्दल विचारतात. पण आल्प्सच्या या भागात उन्हाळ्यात सायकल म्हणजे डाउनहिल. डोंगरावरून एकेकाने सुटायचं, झाडांची मुळं, दगड, उड्या पार करत खाली यायचं, आणि सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो जिंकला. तीन-चार मिनिटांत सगळा निकाल. या खेळातले सगळ्यात चांगले स्पर्धक कोणत्या देशाचे, यावर इथे तावातावाने वाद होतात. माझं मत ठाम आहे: फ्रान्सचे. आणि ते मी इथे राहते म्हणून नाही.

निकोला वुइयोझचंच बघा. ज्युनिअर गटात तीन आणि मोठ्यांच्या गटात सात, अशी दहा विश्वविजेतेपदं. अ‍ॅन-कॅरोलिन शोसोंने डाउनहिलमध्ये वर्षानुवर्षं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, आणि २००८ मध्ये बीजिंगला बीएमएक्सचं, म्हणजे छोट्या सायकलींच्या उंचवट्यांच्या ट्रॅकवरच्या शर्यतीचं, ऑलिंपिक सुवर्णही पटकावलं. आता लोइक ब्रुनी आहे, पाच वेळा विश्वविजेता. त्यातलं २०२२ चं जेतेपद तर इथल्याच ले जे गावात. फ्रान्समधल्या शर्यतींना लोक साखळी काढलेल्या यांत्रिक करवती घेऊन येतात आणि त्यांच्या घरघराटात आपल्या माणसाला खाली आणतात.

कारण विचाराल तर आधी लिफ्टकडे बोट दाखवावं लागेल. मोर्झिन, ले जे इथे हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्ट उन्हाळ्यात सायकली नेतात. आठ-दहा वर्षांची पोरं, हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट, गुडघ्याला पॅड, रांगेत उभी असतात. सायकल हुकाला अडकते, पोरगं खुर्चीवर बसतं, आणि थोड्या वेळाने तेच पोरगं चिखलाने माखून पुन्हा रांगेत हजर! सायकल ढकलत वर न्यायची तर दिवसाकाठी दोन-तीन फेऱ्या होतील. लिफ्टने दहा-पंधरा सहज होतात.

पण लिफ्ट तर स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रियातही आहेत. फ्रान्सचं वेगळेपण मला मुलांच्या स्पर्धांमध्ये दिसतं. इथल्या राष्ट्रीय युवा स्पर्धेत मुलांना डाउनहिलबरोबर क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांची लांब शर्यत, आणि ट्रायलही करावं लागतं. ट्रायल म्हणजे पाय जमिनीला न टेकवता खडकांवरून, ओंडक्यांवरून सायकल हळूहळू काढायची. वेगाची चटक लागण्याआधीच तोल अंगात मुरतो.

माझ्या या सिद्धांताला खरा धक्का देतो तो ब्रिटन. ना आल्प्स, ना गावोगावी लिफ्ट. तरी स्टीव्ह पीटने चार वेळा रौप्यावर समाधान मानून २००९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, अवघ्या ०.०५ सेकंदाने विश्वविजेतेपद मिळवलं. रेचल अ‍ॅथर्टनने २०१६ मध्ये मोसमभर चालणाऱ्या विश्वचषकाची प्रत्येक फेरी आणि वर विश्वविजेतेपदाची स्पर्धाही जिंकली. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरीच्या धो धो पावसात डॅनी हार्ट ११ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. सेकंदाच्या अंशावर निकाल लागणाऱ्या खेळात ११ सेकंद! ब्रिटनमधली मुलं ओल्या रानात, निसरड्या मुळांवरच सायकल शिकतात, म्हणून पाऊस आला की इतर बिचकतात तिथे ती मोकळी सुटतात, असं मला वाटतं.

दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारबद्दल अतोनात आदर आहे. चार विश्वविजेतेपदं, त्यातलं शेवटचं २०२१ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी! पण एका माणसावरून देशाचा क्रमांक लावता येत नाही. ऑस्ट्रियाची वाली होल २०२२ पासून २०२५ पर्यंत सलग चार वेळा जिंकली, तिलाही हेच लागू.

त्यामुळे माझा क्रम फ्रान्स, मग ब्रिटन. तिसऱ्या जागेवर मी कॅनडाला बसवते. व्हिसलरच्या बाइक पार्कच्या आसपास वाढलेली पिढी आता मोठी झाली आहे, आणि २०२५ मध्ये शाँपेरीलाच जॅक्सन गोल्डस्टोनने पुरुषांचं विश्वविजेतेपद नेलं. ब्रिटनने दुसरी जागा सांभाळावी.