जुनी व्हर्जनं आणि लाल पट्टी

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४५ अंश, आत कूलरची घरघर, आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज निळ्याची लाल करतं. २५६ जीबीचा म्हणून घेतलेला एसएसडी मुळात २३८ चाच दिसतो. बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. दोघांचंही गणित बरोबर असतं. म्हणजे २४ जीबीच्या खाली गेलं की लाल. त्याने लगेच काही बंद पडत नाही. पण दुपारची झोप उडालेल्या माणसाला ती पट्टी दिसली की कोणाला तरी दोषी धरावंसं वाटतं, आणि घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर दोषी आधीच ठरलेला असतो: ठोकळ्यांचा तो खेळ, माइनक्राफ्ट.

उघडून बघावं तर पुरावाही सापडतो. विंडोजचं बटण आणि आर दाबायचं, चौकटीत दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहून एंटर मारायचं, डॉट माइनक्राफ्ट नावाच्या फोल्डरात शिरायचं. तिथे व्हर्जन्स. आत रांगच लागलेली: १.८.९, १.१२.२, १.१६.५, १.२०.१, १.२०.४, मधूनच २३डब्ल्यू४५ए असलं काहीतरी. पोराला विचारलं तर म्हणतो, "मी कायले टाकू बाबा? आपोआप येऊन राहिलं."

खरंच सांगतो तो. लाँचरमध्ये, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, 'लेटेस्ट रिलीज' ठेवून प्ले दाबलं की त्या दिवशी जे सगळ्यात नवं असेल ते उतरतं. पुढे आणखी नवं आलं की तेही उतरतं. आधीच्याला कोणी हात लावत नाही. 'लेटेस्ट स्नॅपशॉट', म्हणजे चाचणीसाठी आधीच सोडलेलं व्हर्जन, खेळायची सवय असेल तर भर आणखी पटापट पडते. त्या विचित्र नावातले २३ म्हणजे २०२३, ४५ म्हणजे त्या वर्षातला ४५वा आठवडा, ए म्हणजे त्या आठवड्यातलं पहिलं. एखाद्या सर्व्हरवर मारामारी खेळायला २०१५ चं १.८.९ लागतं, कोणा मित्राचा मॉडपॅक (खेळात भर घालणाऱ्या मॉडचा गठ्ठा) १.१२.२ वर अडलेला असतो. एकदा खेळलं की ते व्हर्जन घरात राहायला आलं.

अशा वेळी नागपूरकराच्या अंगात पोळ्याचा दुसरा दिवस संचारतो. काळी-पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघालीच आहे असं समजून सगळे फोल्डर निवडायचे, शिफ्ट धरून डिलीट दाबायचं, आणि मनातल्या मनात ओरडायचं: इडा पिडा घेऊन जा गे मारबत!

थांबा. आधी राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा.

१.७.१० ची जार फाइल, म्हणजे खेळाचा मुख्य प्रोग्रॅम, ५ एमबीची. १.८.९ ची साडेआठच्या आत, १.१२.२ ची १० च्या जवळ, १.१६.५ ची १७ च्या आसपास, १.२०.१ ची २२-२३. सोबत माहितीची एक जेसन फाइल, ती तर केबीतच. अशी वीस व्हर्जनं जमली तरी ४०० एमबी होतील. २४ जीबीच्या दुखण्याला हे औषध नव्हे. हा फोल्डर नावांनी भरलेला असतो म्हणून डोळ्यात खुपतो, इतकंच.

मग वजन कुठे आहे? शेजारच्या असेट्समध्ये, म्हणजे आवाज वगैरेंच्या फोल्डरात, थोडं आहे, आणि ते प्रकरण मला फार आवडतं. तिथे ऑब्जेक्ट्समध्ये शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत २५६ फोल्डर असतात आणि त्यांत काही हजार फाइली, एकीलाही धड नाव नाही, एक्स्टेन्शन नाही. प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे तिच्या मजकुराचा एसएचए-१ हॅश, मजकुरावरून काढलेला अंगठ्याचा ठसाच म्हणा. गाईचा आवाज १.१६ मध्ये होता तसाच १.२० मध्ये असेल तर हॅश तोच येतो आणि फाइल एकदाच ठेवली जाते. कोणत्या व्हर्जनला कुठला हॅश हवा, त्याची यादी इंडेक्सेसमधल्या जेसनमध्ये. त्यामुळे दहा व्हर्जनं म्हणजे दहापट आवाज नव्हेत. तोटा एवढाच की व्हर्जन उडवलं तरी त्याचे आवाज तसेच पडून राहतात, आणि नावावरून कोण कोणाचं ते ओळखता येत नाही. हाताने निवडायला जाऊ नका. साफ करायचंच असेल तर असेट्स अख्खा उडवा आणि जे व्हर्जन हवं ते सुरू करा. लाँचर त्याला लागेल तेवढंच परत आणतो. ते काहीशे एमबी असतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबी मिळत असेल तर हे काम संध्याकाळी सातला काढू नये.

जावाचंही तसंच. खेळ ज्यावर चालतो ती जावा तो स्वतःच घेऊन येतो: जुन्या व्हर्जनांना ८, १.१७ ला १६, १.१८ पासून १७, १.२०.५ पासून २१. जेवढ्या पिढ्या खेळाल तेवढ्या जावा रनटाइम या फोल्डरात बसतात. लाँचर स्टोअरमधून घेतला असेल तर तो फोल्डर डॉट माइनक्राफ्टमध्ये सापडतही नाही, ॲपडेटातल्या लोकलच्या पॅकेजेसमध्ये खोल असतो. १.१६.५ पर्यंतची सगळी कायमची सोडली आणि तरी ८ ची जावा दिसली तर उडवा. लागली तर लाँचर परत आणेल.

पण पट्टी लाल करणारे खरे गडी वेगळेच निघतात. पहिला, विंडोजच्या व्हिडिओजमधला कॅप्चर्स. विंडोजच्या गेम बारचं रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं आणि पोराने यूट्यूबर व्हायचं मनावर घेतलं की अर्ध्या-अर्ध्या तासाचे, कोणी कधी परत न पाहिलेले व्हिडिओ तिथे जीबीजीबीने साचतात. दुसरा, मॉडपॅकचा वेगळा लाँचर. कर्सफोर्ज प्रत्येक पॅकचा स्वतंत्र संसार मांडतं, एकच मॉड पाच पॅकांत असेल तर पाचदा. शिवाय इन्स्टॉल नावाच्या फोल्डरात व्हर्जन्स, असेट्स, लायब्ररीज यांची दुसरी प्रत. म्हणजे डॉट माइनक्राफ्टमध्ये घाम गाळून वाचवलेलं तिकडे शाबूत. प्रिझम लाँचर निदान लायब्ररी आणि असेट्स सगळ्या पॅकांत मिळून एकदाच ठेवतो. तिसरा गडी बॅकअप्स. नव्या व्हर्जनमध्ये जुनं वर्ल्ड (पोराने खेळात उभारलेलं जग) उघडताना खेळ विचारतो, आधी बॅकअप घेऊ का? शहाणं पोर हो म्हणतं. दर वेळी अख्ख्या वर्ल्डची झिप पडते, आणि जुनी झिप काढा असं कोणी म्हणत नाही.

हे डोळ्यांनी शोधत बसू नये. विझट्री किंवा विनडरस्टॅट लावा, मोठं काय ते दोन मिनिटांत चौकोनांत दिसतं. (विंडोजमधला विनएसएक्सएस चौकोन मोठा दिसेल. त्याला हात लावायचा नाही. त्यातल्या फाइली हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी दिसत असल्यामुळे, दोनदा मोजल्या जातात, आकडा फुगलेला असतो.)

तरीही व्हर्जन्स आवरायचंच असेल, तर आवरावं. बर्डीच्या बाजारातून नवी डिस्क आणण्यापेक्षा स्वस्त पडतं. लाँचर आधी बंद. लाँचरमधली इन्स्टॉलेशनची नोंद पुसणं आणि डिस्कवरचा फोल्डर जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही कराव्या लागतात. फोल्डर उडवून नोंद ठेवली तर पुढच्या क्लिकला तो परत हजर. आणि मॉड चालवणारं फोर्ज किंवा फॅब्रिक असेल तर त्यांच्या फोल्डरातली जेसन नोटपॅडमध्ये उघडून 'इन्हेरिट्स फ्रॉम'पुढे काय लिहिलंय ते वाचा. तिथे १.२०.१ असेल तर साधं १.२०.१ हे त्याचं मूळ घर. ते काढलं तर इंटरनेट असताना लाँचर गुपचूप परत आणतो, नसताना मॉडपॅक उठत नाही आणि सगळे मॉडला शिव्या घालतात. उन्हाळ्यात उतरवता उतरवता लाइन गेली तर उलटं होतं: जेसन आहे, जार अर्धी. लाँचर सहसा हॅश ताडून ती परत घेतो. नाही घेतली तर तेवढा एकच फोल्डर उडवा, सगळा खेळ नव्हे. बाकी लाँचर अनइन्स्टॉल करून जागा होईल ही समजूत सोडा. डॉट माइनक्राफ्ट बहुतेक वेळा जागच्या जागी राहतो.

डी ड्राइव्ह मोकळा असेल तर? इन्स्टॉलेशनमध्ये गेम डिरेक्टरी बदलता येते, पण त्याने वर्ल्ड, मॉड, रिसोर्स पॅक एवढंच हलतं. व्हर्जन्स, असेट्स, लायब्ररीज सी वरच. सगळंच न्यायचं तर अख्खा डॉट माइनक्राफ्ट डी वर हलवून कमांड प्रॉम्प्टमधून एमकेलिंक, स्लॅश जे, आधी जुनी जागा मग नवी, असा जंक्शन करायचा, म्हणजे जुन्या जागी नव्या जागेचा पत्ता ठेवायचा. लाँचरला पत्ताही लागत नाही. जुन्या जागी त्या नावाचा फोल्डर उरला असेल तर मात्र आज्ञा चालत नाही. बरेच जण इथेच अडकतात.

स्टीम या दुकानातून खेळ घेणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे प्रॉपर्टीजमधल्या बीटाज टॅबवरून जुनं व्हर्जन निवडलं तर ते नव्याच्या जागी येतं, शेजारी नाही. जागा खातात ती डीएलसी, म्हणजे खेळाच्या जोडभागांपैकी ज्यांच्यापुढची खूण काढायची राहिली ते. आणि अपडेटच्या वेळी स्टीम मोठ्या फाइलीची नवी प्रत आधी बनवतं, म्हणून अपडेट छोटा असूनही मोकळी जागा भरपूर मागतं.

काही जुनी व्हर्जनं तर अजिबात काढायची नसतात. कंट्रोल पॅनलमध्ये मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ अशी ओळ दिसते. खेळांना लागणाऱ्या सामायिक फाइली त्या. आणि नीटनेटक्या माणसाला वाटतं, नवं आहे तर जुनं कशाला? २०१५ पासून पुढचं एकात आहे, त्याआधीची एकमेकांच्या जागी चालत नाहीत. २०१० काढलं की दोन महिन्यांनी कुठलासा खेळ त्यातली डीएलएल फाइल सापडत नाही म्हणून रुसतो, तोवर आपण काय काढलं ते विसरलेलो असतो. वाचलेली जागा काही एमबी. महागात पडणारा नीटनेटकेपणा म्हणतात तो हाच.

खरी जपायची वस्तू डॉट माइनक्राफ्टमधला सेव्ह्ज फोल्डर. एका वर्ल्डचा फोल्डर: लेव्हल डॉट डॅट, रीजनमधल्या एमसीए फाइली, खेळाडूंची माहिती. एक एमसीए म्हणजे ५१२ बाय ५१२ ठोकळ्यांचा तुकडा. पंख लावून पोरगा उगाच चारी दिशांना उडाला की घर न बांधताच वर्ल्ड फुगतं. आणि १.१२ चं वर्ल्ड एकदा १.१३ किंवा पुढे उघडलं की मागे नेता येत नाही. ठोकळ्यांची ओळखच बदलली आहे, १.१८ ने तर जमीन उणे ६४ पर्यंत खाली नेली. जुनं व्हर्जन जपून हा प्रश्न सुटत नाही, कारण ते कधीही परत उतरवता येतं. वर्ल्डची न उघडलेली प्रत परत उतरत नाही. ती खेळ बंद असताना अख्खा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर ठेवायची, झिप केली तर एकदा उघडून बघायची. डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर टू' मध्ये ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे.

एवढं झालं की व्हर्जन्समध्ये परत जाऊन स्नॅपशॉट उडवा, मधली पाच-सहा उडवा, मन शांत होईल. ३०० एमबी मिळतील. १.७.१० दिसलं तर ते कोणाले लागते, असं पोराला विचारू नका. कोणाला तरी लागतंच. राहू द्या, ५ एमबी तर आहे.