आज ब्रिगादेइरो

ब्राझीलमध्ये वाढदिवसाला केकइतकाच मान ब्रिगादेइरोला, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क आणि कोकोच्या छोट्या चॉकलेटी गोळ्यांना. आज घरी केले, मस्त जमले, म्हणून प्रमाण देतेय. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (साधारण ४०० ग्रॅम), बिनसाखरेची कोको पावडर ३ मोठे चमचे, लोणी १ मोठा चमचा. ड्रिंकिंग चॉकलेट नको, फार गोडमिट्ट होतं.

कोको चाळून गार कंडेन्स्ड मिल्कमध्येच कालवा; गरम झाल्यावर घातला की गुठळ्या मोडता मोडत नाहीत. जाड बुडाचं भांडं, मंद आच, हात सतत तळापासून फिरता. दहा-बारा मिनिटांनी उलथन्याने मध्ये रेघ ओढा. तळ दोन-तीन सेकंद उघडा राहिला आणि भांडं कललं की सगळा गोळा एकदम घसरला, की लगेच गॅस बंद. इथेच सगळं ठरतं! आधी उतरवलं तर गोळे बसतात, उशीर झाला तर गार झाल्यावर चिवट होतात. कडेला वाळलेलं खरवडून आत घेऊ नका, रवाळ लागतं.

लोणी लावलेल्या ताटात पूर्ण गार करा. मग हाताला लोणी लावून सुपारीपेक्षा जरा मोठे गोळे वळा आणि चॉकलेट शेवयांत घोळवा.

कोकोऐवजी ओलं खोबरं घातलं, वर लवंग टोचली की बेजिन्यो. आपल्याकडच्यांना तोच जास्त आवडेल, असं माझं मत.