बेसमेंट टू मध्ये म्युऑन मोजले तो रविवार

मी ठाण्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आमच्या पोर्शनमध्ये न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडता आरपार जाणारा बारीकसा कण, येतो तो बीटा डिकेमध्ये, समीकरणाच्या शेवटी एक ग्रीक अक्षर, की झालं, पुढचा टॉपिक. मला ते फार लागतं. न्यूट्रिनो थेट दिसत नाही, तो बऱ्याचदा ओळखतात तो म्युऑनवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनच्याच जातीच्या पण जड कणावरून. म्हणून ह्या वर्षी मुलांना घेऊन म्युऑन मोजायचे दोन डबे बनवले. काळ्या टेपने घट्ट गुंडाळलेला सिंटिलेटर प्लास्टिकचा (कण आरपार गेला की किंचित चमकणाऱ्या प्लास्टिकचा) तुकडा, त्याला चिकटवलेला बारका लाइट सेन्सर, खाली बोर्ड आणि डिस्प्ले. बरेच पार्ट लॅमिंग्टन रोडला मिळाले, सेन्सर बाहेरून मागवला. डबे एकावर एक ठेवायचे आणि दोघांतून एकदमच सिग्नल आला तरच काउंट धरायचा, म्हणजे काहीतरी आरपार गेलं.

हे म्युऑन येतात कुठून, तर अवकाशातून आलेले कॉस्मिक रे, बहुतेक प्रोटॉनच, वर हवेवर आदळतात, त्यातून पायॉन नावाचे कण निघतात, ते मोडून म्युऑन होतात आणि खाली येतात. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला साधारण शंभर, दिवसरात्र.

रविवारी घोडबंदर रोडला माझ्या वर्गातल्या श्रावणीच्या टॉवरमध्ये जमलो. आधी टेरेसवर, पाण्याच्या टाकीशेजारी काउंट घेतले, मग लिफ्टने थेट खाली बेसमेंट टूला. तिथे दोन काळे डबे, वायरी आणि लाल आकडे बघून वॉचमनने सेक्रेटरी काकांना फोन लावला. काका आले ते तापलेलेच, "मॅडम, पार्किंगमध्ये परमिशन कोणाची घेतली?" मी सॉरी म्हणून सगळं समजावलं, अथर्वने वही दाखवली. काका वाकून डिस्प्लेकडे बघत राहिले, एक आकडा पुढे सरकला, थोड्या वेळाने अजून एक, मग म्हणाले, "म्हणजे हे आत्ता माझ्या अंगातून पण जातंय?" जातंय काका. त्यांनी वॉचमनला खुर्ची आणायला सांगितली आणि बसले ते बसलेच.

काउंट टेरेसच्या निम्म्याच्या आसपास आले होते. वर एवढे मजले, एवढे स्लॅब, आणि तरी निम्मे म्युऑन खाली पोचतात! मुलांना वाटलेलं खाली शून्य येईल. मग मी त्यांना साउथ पोलचं आइसक्यूब सांगितलं, न्यूट्रिनो पकडायला बर्फात उभारलेली वेधशाळा. तिथे बर्फात गरम पाण्याच्या ड्रिलने अडीच किलोमीटर खोल भोकं पाडून, केबलला लावलेले काचेचे गोळे सोडलेत, एकेका गोळ्यात अगदी मंद उजेडही टिपणारी एक अतिशय संवेदनशील फोटोट्यूब. ८६ केबल, ५१६० गोळे, १४५० मीटरपासून २४५० मीटरपर्यंत, २०१० च्या डिसेंबरमध्ये काम पूर्ण झालं. पाणी पुन्हा गोठलं की गोळा कायमचा आत, रिपेअरला बाहेर काढता येत नाही, आणि तरी बहुतेक सगळे अजून चालू आहेत. एवढं खोल का, तर तिथे दाबाने बर्फातले बुडबुडे नाहीसे झालेले असतात आणि बर्फ इतका स्वच्छ की उजेड शंभर मीटरहून लांब जातो. पण तिथेसुद्धा वरून सेकंदाला अडीच-तीन हजार म्युऑन येतातच! न्यूट्रिनोचे म्हणावेत असे दिवसाला काहीशे.

"मग ओळखतात कसं?" अथर्व म्हणाला.

मी डबे आडवे केले. काउंट एकदम पडला, बराच वेळ आकडा हललाच नाही. कारण बाजूने येणाऱ्या म्युऑनला हवा जास्त, जमीन जास्त, तो मध्येच संपतो. म्हणजे खूप खोल गेल्यावर जर काही आडवं किंवा खालून वर येताना दिसलं, तर ते म्युऑन म्हणून वातावरणातून आलेलं नसणार, न्यूट्रिनो जमिनीतून बिनधास्त येतो आणि जवळच कुठे खडकात किंवा बर्फात आदळून म्युऑन तयार करतो. पृथ्वी म्हणजे चाळणी झाली.

आणि हे आपल्याकडे झालंय हो! १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खोल, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅमच्या टीमबरोबर वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो पकडले, असेच तिरक्या-आडव्या म्युऑनवरून. त्याच वर्षी साउथ आफ्रिकेतल्या खाणीतही दिसले. जगात पहिल्यांदा. माझ्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं, आणि ह्याचा मला खरंच राग येतो, मुलांचा नाही, आपण त्यांच्या हातात जे पुस्तक देतो त्याचा.

श्रावणी इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "मॅडम, पण आपला डबा वरून आलं का खालून आलं हे सांगतच नाही. उलटा ठेवला तरी तेच." बरोबर, शंभर टक्के बरोबर. दोन डब्यांत एक फूट अंतर असेल तर म्युऑनला लागतो साधारण एक नॅनोसेकंद, आणि आमचा बोर्ड मायक्रोसेकंदाच्या खाली बघूच शकत नाही. आइसक्यूबची सगळी कमाल तिथेच आहे. म्युऑन बर्फात जाताना निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश पडतो, कुठल्या गोळ्याला तो किती नॅनोसेकंद आधी दिसला ह्यावरून रेघ काढतात, आणि ती रेघ मागे आकाशात नेतात.

२२ सप्टेंबर २०१७ ला अशीच एक रेघ मिळाली, क्षितिजाच्या किंचित खालून येणारी. ४३ सेकंदांत जगभरच्या दुर्बिणींना अलर्ट गेला, आणि त्या दिशेला गॅमा किरण बघणाऱ्या फर्मी उपग्रहाला एक ब्लेझार, म्हणजे मधल्या कृष्णविवरातून आपल्या दिशेने झोत सोडणारी दीर्घिका, भडकलेला सापडला, जवळजवळ चार अब्ज प्रकाशवर्षं लांबचा, मृग नक्षत्राच्या खांद्याजवळ. आपल्याकडे तेव्हा २३ तारखेची रात्र, अडीचला थोडं कमी. अथर्वने तिथल्या तिथे मोबाईलवर आकाशाचं ॲप त्या वेळेवर नेलं. मृग ठाण्याच्या पूर्वेला चांगला वर आलेला होता! आपण सगळे झोपलेलो. काका खुर्चीतून उठून स्क्रीनवर बघायला आले.

श्रावणीला आता नॅनोसेकंद मोजणारा बोर्ड हवाय. तो आमच्या लॅबच्या बजेटमध्ये बसत नाही, तरी मी अर्ज टाकलाय आणि सोबत टेरेस-बेसमेंटचे ग्राफ जोडलेत. डबे तोपर्यंत काकांच्या सोसायटी ऑफिसमध्ये चालू आहेत, रोजचा आकडा तेच व्हॉट्सॲपवर पाठवतात.