माणसं ३०, माश्या अंदाजे

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हायवेवर ग्लेनडाम्बो नावाचं छोटं गाव आहे, तिथे एक पाटी आहे. तिच्यावर गावाची लोकसंख्या अशी दिली आहे: मेंढ्या २२,५००, माश्या २०,००,००० अंदाजे, माणसं ३०. अ‍ॅडलेडहून नववीची मुलं घेऊन आम्ही बसने उलुरूचा मोठा खडक बघायला जातो, तेव्हा सगळे त्या पाटीपाशी फोटो काढतात. ‘अंदाजे’ हा शब्द फक्त माश्यांपुरता आहे, याचं मला दरवेळी हसू यायचं.

शाळेत मी विज्ञान शिकवते. कॅम्पवर माझ्याकडे दोन कामं, औषधं आणि मोजणी. लोकांना वाटतं कॅम्प म्हणजे शेकोटी नि तारे. प्रत्यक्षात ४२ पोरं दिवसातून दहा-बारा वेळा बसमधून उतरवायची आणि तेवढीच परत चढवायची, हा कॅम्प. तंबू नसतात. स्वॅग म्हणजे कॅनव्हासची गुंडाळी, तिच्यात शिरून उघड्यावर झोपायचं. सकाळी ती गुंडाळी पोरांना नीट बांधता येत नाही आणि त्यात रोजचा पाऊण तास जातो.

मोजायची माझी एक पद्धत आहे आणि तिचा मला अभिमान होता. बसच्या पुढून मागे जाताना मोजायचं, म्हणजे चेहरे दिसतात. येताना नुसती डोकी दिसतात, ती पडताळणीपुरती. मोजताना प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावायचा आणि कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. नावं घेऊन हजेरी फक्त सकाळी आणि रात्री. हा नियम लेखी आहे. मीच लिहिलाय.

त्या दिवशी ग्लेनडाम्बोच्या थांब्यावर मी जाताना ४२ मोजले, येताना ४२ मोजले. मग “आपापला जोडीदार शेजारी आहे का?” असं विचारलं. “होऽऽ” असा गजर झाला. या गजराला काडीची किंमत नसते. तो चाळीस पोरांचा असो की एकेचाळीस, ऐकायला सारखाच. अंगठा वर केला, बस सुटली.

तिथून कूबर पेडी, आमचं पुढचं मुक्कामाचं गाव, सुमारे २५० किलोमीटर. मध्ये पेट्रोल नाही, गाव नाही, मोबाइलला रेंज नाही.

अर्ध्या तासाने एक मुलगा पुढे आला. “मिस, ती कुठाय? माझी चार्जिंगची केबल तिच्याकडे आहे.”

ती बसमध्ये नव्हती. सकाळीच जोडीदारणीशी भांडण झालेलं, त्यामुळे दोघी वेगवेगळ्या बसल्या होत्या आणि जोडीदारीण त्या गजरात सामील होती की गप्प, हे ती आजही सांगत नाही. मग बेचाळिसावा कोण? आमचा स्वयंपाकी. एरवी तो ड्रायव्हरशेजारच्या सीटवर असतो. रात्री उशिरापर्यंत भांडी घासली म्हणून नवव्या रांगेत खिडकीला डोकं टेकून झोपला होता. आमच्याच शाळेची, कुणीतरी विसरलेली लोकरी टोपी नाकापर्यंत ओढून. चेहरे मोजते म्हणणाऱ्या बाईने टोपी मोजली होती.

तिला शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी आहे. नियमाप्रमाणे एक एपिपेन, म्हणजे अ‍ॅलर्जीचा झटका आला तर लगेच टोचायचं इंजेक्शन, तिच्या कमरेच्या पाऊचमध्ये, दुसरं माझ्या बॅगेत. पाऊच तिच्या सीटवर पडलेलं होतं. म्हणजे दोन्ही पेनं आमच्याबरोबर आणि मुलगी पंचेचाळीस किलोमीटर मागे.

सॅटेलाइट फोन? तो खाली डिक्कीत, ४६ स्वॅगांखाली. ज्यांनी तो तिथे ठेवला, त्यांना माझ्याइतकाच अनुभव आहे आणि बैठकांमध्ये जोखीम व्यवस्थापनावर माझ्यापेक्षा बरंच जास्त बोलता येतं. एवढंच लिहिते.

ड्रायव्हरने एक शब्द न बोलता यूएचएफ रेडिओ चॅनेल ४० वर लावला. हायवेवरचे ट्रकवाले त्याच चॅनेलवर असतात. दक्षिणेकडे चाललेल्या एका रोड ट्रेनवाल्याने, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेल्या लांबलचक ट्रकच्या ड्रायव्हरने, उत्तर दिलं. तो ग्लेनडाम्बोच्या आमच्यापेक्षा बराच जवळ होता. आमचा ड्रायव्हर त्याला म्हणाला, “मुलीशी बोलू नकोस, काउंटरवरच्या बाईंना सांग. बस परत येतेय. आणि शेंगदाणे नकोत.” मी इतकं नेमकं बोलले नसते. मग कडेची माती भुसभुशीत म्हणून पुढे थांब्याची जागा येईपर्यंत जाऊन त्याने बस वळवली. त्याच्या लॉगबुकचं गणित बिघडलं होतं. साडेपाच तासांत सलग पंधरा मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते आणि आता शेवटचा टप्पा अंधारात, म्हणजे कांगारू रस्त्यावर येतात त्या वेळेला पडणार होता. तेही त्याने मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात फक्त पाण्याचा ग्लास. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “वेष्टनं वाचत बसण्यापेक्षा पाणीच दिलं.”

ती रडली नव्हती. बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता तिने विचारलं, “मिस, कुणाच्या लक्षात आलं?”

“माझ्या.”

तोंडातून गेलंच. ती “ओके” म्हणाली आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसली. तो केबलवाला मुलगा दोन रांगा मागे होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, मग कानात इअरफोन घातले. त्याची केबल त्याने त्या दिवशी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी कूबर पेडीत गाइड सांगत होता, १९१५ साली इथे ओपल हे रत्न सापडलं ते वडिलांबरोबर आलेल्या १४ वर्षांच्या मुलाला. मोठी माणसं सोनं शोधायला गेली होती, त्याला तळावर मागे ठेवून. सगळ्या बसने वळून तिच्याकडे पाहिलं. ती हसली. मी पाटीवरची तारीख वाचत राहिले.

घटनेच्या फॉर्मवर एक रकाना आहे: गैरहजेरी प्रथम कोणाच्या लक्षात आली? तिथे मी ‘एका विद्यार्थ्याच्या’ असं लिहिलं. फॉर्मची एक प्रत पालकांना जाते. त्याला आता तीन आठवडे झाले. ती माझ्या तासाला पूर्वीसारखीच खिडकीपाशी बसते. हजेरी घेताना तिचं नाव आलं की मी मान वर करून बघते. ती “हजर, मिस” म्हणते, वहीतून डोकं न काढता.