बिलाला नंबर कशाला?

आज संध्याकाळी सुपरमार्केटात बिलिंगच्या रांगेत माझ्या पुढे एक आजी होत्या, दूध, रवा आणि उदबत्तीचा पुडा एवढंच सामान, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो मोबाईल नंबर सांगा त्याशिवाय बिल निघत नाही, मग आजींनी अख्खा नंबर मोठ्याने सांगितला आणि तो सगळ्या रांगेला ऐकू गेला. फार वाईट वाटलं मला.

आपल्याकडे आता लॉयल्टी कार्ड म्हणजे मोबाईल नंबरच झालाय, तो टाकला की पॉइंट जमा होतात आणि आपण काय घेतो, कधी घेतो, किती घेतो याची नोंद पण होत राहते. ज्याला पॉइंट हवेत त्याने खुशाल द्यावा, मी पण एका दुकानात देते, किराण्यावर बरी सूट मिळते. पण सक्ती का? मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की नंबरसाठी अडून बसू नका.

माझी पाळी आल्यावर मी नाही दिला. मुलगा म्हणाला ताई सिस्टीम पुढे जात नाही, मग मॅनेजर आले, काहीतरी दाबलं आणि बिल निघालं. म्हणजे निघतं! त्या मुलावर राग नाही, त्याला वरून जे सांगतात ते तो करतो. पण घरातल्या मोठ्यांना हे नक्की सांगून ठेवा.