आमची वाटचाल : शुल्क ग्राहकाचे, दलाली कोणाचीच नाही

चित्रे विकत घेणाऱ्यांना आणि वारशाने मिळालेल्यांना ती अस्सल आहेत का, त्यांचे पुढे काय करावे, हे शुल्क घेऊन सांगणे हा आमचा व्यवसाय. त्याआधी पुण्यातल्या एका कला महाविद्यालयात मी बारा वर्षे कलेचा इतिहास शिकवला. चित्राचा काळ, शैली आणि आशय यांवर वर्गात तासन्‌तास बोलणे होई. मात्र ते चित्र कोणाच्या भिंतीवरून कोणाच्या भिंतीवर गेले आणि किती रुपयांना गेले, हा प्रश्न कधी निघाला नाही. तो निघाला सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. वाडा पाडून इमारत व्हायची होती, भावाभावांत वाटण्या चालल्या होत्या आणि माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी मला माळ्यावरच्या तसबिरी पाहायला बोलावले होते.

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेली सरस्वती भिंगाखाली धरली की रंगाचे ठिपके लहानमोठे, अनियमित दिसतात, कारण ते छपाईच्या दगडावर हाताने उठवलेले असतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत तेच ठिपके जाळीसारखे शिस्तीत बसलेले असतात. माळ्यावरच्या नऊ तसबिरींपैकी सहा जुन्या निघाल्या, तीन नव्या. मी तसे कागदावर लिहून दिले, तेव्हा आजोबांनी पैशाचे पाकीट पुढे केले. मी संकोचले. ते म्हणाले, "बाई, दुकानदार फुकट सांगतो, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

आमच्या व्यवसायाचा पाया या वाक्यात आहे. २०१३ साली नोकरी सोडून मी घराच्याच एका खोलीत काम सुरू केले, तेव्हा विक्रीच्या रकमेतला काही टक्के हिस्सा देऊ करणारे विक्रेते लगेच भेटले. शुल्क देणारे ग्राहक मात्र पहिल्या वर्षी चारच होते. विकणाऱ्याचा पैसा घेतला की "हे चित्र घेऊ नका" असे सांगण्याचा अधिकार आपण गमावतो, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. जुन्या बॉम्बे स्कूलच्या, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेभोवती घडलेल्या चित्रपरंपरेतल्या, एका नामवंत चित्रकाराची सही असलेले तैलचित्र मी केवळ शैलीच्या भरवशावर अस्सल मानले आणि कोथरूडच्या एका कुटुंबाने ते विकत घेतले. पुढे स्वच्छतेसाठी ते एका संवर्धकाकडे, म्हणजे जुनी चित्रे साफ आणि दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे गेले. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावताच जुने वार्निश हिरवट उजळले आणि त्यावर सही मात्र काळी उमटली, म्हणजे ती वार्निश वाळल्यानंतर कोणीतरी घातलेली होती. मी शुल्क परत केले आणि विक्रेत्याकडून रक्कम परत मिळवण्यासाठी आठ महिने त्या कुटुंबाबरोबर फिरले, अर्धीच मिळाली. त्यानंतर चित्राची पाठ, चौकट, पूर्वीच्या मालकांच्या पावत्या आणि दिव्याखालची तपासणी यांवाचून आम्ही लेखी मत दिलेले नाही. तो संवर्धक आता आमच्याबरोबरच काम करतो, आणि हिशेब व कागदपत्रे पाहणाऱ्या सहकारी धरून आम्ही तिघे आहोत.

कामाचा मोठा भाग आता खरेदीपेक्षा वारशाचा असतो. मुले परदेशी, चित्रे पेठेत, अशी घरे पुण्यात पुष्कळ आहेत. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकृती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा काही चित्रकारांची मूळ चित्रे तर वयाचा विचार न करताही या बंदीत येतात. देशातल्या देशात मात्र ती विकता येतात. सामान बांधून झाल्यावर हे कळले की घरात फार मनस्ताप होतो, म्हणून आम्ही ते पहिल्याच भेटीत सांगतो.

त्या वाड्यातली सरस्वती न्यू जर्सीच्या नातवाला हवी होती. छपाईवरून ती शंभरी ओलांडलेली ठरली. आम्ही तिचे मूळ आकाराचे छायाचित्र काढून चौकटीत बसवून त्याच्याकडे पाठवले. अस्सल तसबीर त्याच्या आत्याच्या घरी, पावसाळ्यात ओल न येणाऱ्या भिंतीवर आहे.