शिवराई सोडून हे कुठले ड्यूक?

“आपली शिवराई नाणी सोडून चारशे वर्षांपूर्वीच्या जर्मन संस्थानिकांची चांदी कशाला गोळा करता?” माझा डबा पाहिलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा हे विचारतो. आधी मी चांदीचा कस वगैरे सांगायचो. खरं कारण वेगळंच आहे : ही माणसं नाण्यांवर भांडतात.

ब्राउनश्वाइगचा ड्यूक हाइनरिख युलिउस घ्या. त्याचं आपल्याच काही सरदार घराण्यांशी वाजलं. हार्ट्झ डोंगरातल्या खाणींची चांदी हाताशी, मग काय, टांकसाळीतूनच टोमणे सुरू. १५९५ला ‘बंडखोरांचा टालर’ (टालर म्हणजे त्या काळचं मोठं चांदीचं नाणं), पाठोपाठ ‘खोट्याचा टालर’, मग खोटेपणाला पायाखाली तुडवणारी उघडीवाघडी सत्यदेवता. १५९९मध्ये तर सिंहाला डसणाऱ्या गांधीलमाश्या. सिंह म्हणजे अर्थातच स्वतः! घरचं भांडण चव्हाट्यावर नेणारे आपल्याकडेही रग्गड, पण ते २९ ग्रॅम चांदीवर ठोकून बाजारात सोडणारा मला दुसरा ठाऊक नाही.

त्याचे वडील, ड्यूक युलिउस, अधिक बेरके. १५७४पासून त्यांनी कित्येक टालरांच्या वजनाची, बशीसारखी पसरट नाणी पाडली आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे प्रजेच्या गळ्यात मारली. ती खर्चायची नाहीत, घरात जपायची. राज्यावर वेळ आली की चांदी कुठे आहे ते माहीत असावं. या नाण्यांना ‘लोझर’ म्हणतात. किमती ऐकून मी फक्त कॅटलॉग चाळतो.

त्याच घराण्यातल्या ऑगस्टला त्याचं वुल्फेनब्युटेल शहर सम्राटाच्या फौजेकडून १६४३ला परत मिळालं. त्यानं सात प्रकारचे ‘घंटा टालर’ काढले. कुठे घंटेला लोळाच नाही, कुठे नुसता लोळा. शहर परत मिळेपर्यंत इतकी वर्षं घंटा मुकी होती, हे वेगळं सांगायला नको.

माझ्याकडचा लाडका टालर मात्र साधा आहे : मुळासकट उपटलेलं झाड धरून उभा असलेला रानमाणूस. स्वस्तात मिळाला, कारण वरच्या कडेला डाग दिल्याची खूण आहे. कुणीतरी पुतळीसारखी कडी लावून तो अंगावर मिरवला होता. जाणकार संग्राहक असलं नाणं बाजूला सारतात. मला ती खूण आवडते. कडी काढताना सोनार घाईत असावा. रानमाणसाच्या झाडाचा शेंडाही त्यानं घासून टाकलाय.